ईगादो, फेगातो, फ्वा: यकृताच्या नावात अंजीर कुठून आलं?

यकृताला स्पॅनिशमधे ईगादो म्हणतात, पोर्तुगीजमधे फीगादु, इटालियनमधे फेगातो, कॅटलानमधे फेज्ज, रोमानियनमधे फिकात आणि फ्रेंचमधे फ्वा. पहिले दोन-तीन तर ऐकताक्षणी एकाच घरातले वाटतात, रोमानियन फिकातही चेहरेपट्टीवरून ओळखू येतो, फ्वा मात्र इतका झिजलाय की कुणी सांगितल्याशिवाय पत्ता लागायचा नाही. पण हे सगळे एकाच लॅटिन शब्दापासून आलेत आणि गंमत अशी की तो शब्द मुळात यकृताचा नाहीच, तो अंजिराचा आहे.

रोमान्स भाषांमधले (म्हणजे लॅटिनपासून निघालेल्या ह्या सगळ्या भाषांमधले) असे शेकडो शब्द आहेत ज्यांचा माग काढता येतो, पण मला विचाराल तर ह्या एका शब्दाइतकी भरगच्च गोष्ट दुसऱ्या कुठल्याच शब्दात नाही, म्हणून आज फक्त ह्याच्याबद्दल लिहितोय, जरा सविस्तर.

तर लॅटिनमधे अंजीर म्हणजे फीकुस. त्यावरून विशेषण झालं फिकातुम, म्हणजे अंजीर घातलेलं, अंजिरावर पोसलेलं. आणि यकृताला लॅटिनमधे खरा शब्द होता येकुर. रोमन लोक काही जनावरांना मुद्दाम अंजीर खाऊ घालून त्यांचं यकृत फुगवायचे आणि त्या पदार्थाचं नाव येकुर फिकातुम, अंजीरवालं यकृत. पुढे बोलता बोलता येकुर गळून पडलं आणि नुसतं फिकातुम उरलं. आपण नाही का, मोबाईल फोनमधला फोन टाकून दिला आणि आता नुसता मोबाईल म्हणतो, मोबाईल म्हणजे खरंतर 'हलता-फिरता' एवढंच, पण वस्तूचं नाव तेच झालं. अगदी तसंच. फरक इतकाच की फिकातुम एका खास पदार्थापुरतं थांबलं नाही, आधी अंजीरवालं यकृत, मग ताटातलं कुठलंही यकृत, मग माणसाच्या पोटातलं यकृतसुद्धा, ज्याने आयुष्यात एकही अंजीर खाल्लं नसेल त्याचंही, फिकातुमच.

आता जो शब्द हरला त्याच्याबद्दल आधी बोलायला पाहिजे, कारण तो आपल्या ओळखीचा आहे. येकुर आणि यकृत, मोठ्याने म्हणून बघा. हे योगायोगाने सारखे नाहीत, दोन्ही एकाच प्राचीन मूळ शब्दापासून आलेत, आणि ग्रीकमधला हेपारसुद्धा तोच, ज्याच्यावरून हेपॅटायटिस आलं. ग्रीकमधे सुरुवातीच्या य चा ह झाला आणि मधल्या क च्या जागी प आला म्हणून तो पटकन ओळखू येत नाही इतकंच. म्हणजे डॉक्टर रिपोर्टवर हेपॅटायटिस लिहितो आणि आपण त्याला यकृताची सूज म्हणतो तेव्हा दोघं एकच शब्द वापरत असतो, हजारो वर्षांच्या अंतराने.

आणि नातं नुसतं आवाजापुरतं नाहीये, व्याकरणातसुद्धा आहे. संस्कृतमधे यकृत् ची षष्ठी करताना र गायब होतो आणि न येतो, यक्नः. लॅटिनमधे येकुरची षष्ठी येकोरिस, पण दुसरं एक रूप येकिनोरिस, त्यात बघा न घुसलाय. हा र आणि न चा लपंडाव त्या मूळ भाषेतला फार जुना नियम आहे, मोजक्या शब्दांमधे तो टिकून राहिला आणि यकृत त्यातला एक. भाषाशास्त्राच्या पुस्तकांत हे उदाहरण हटकून असतं आणि दरवेळी वाचताना मला तितकाच आनंद होतो, खरंच.

म्हणजे स्थिती अशी, की आपण मराठीत हा प्राचीन शब्द जवळजवळ जसाच्या तसा वापरतो (संस्कृतमधून उचललेला का होईना), आणि ज्या रोममधे तो रोज बोलला जायचा तिथल्या भाषेच्या लेकींनी मात्र तो पार टाकून दिला. एकीनेही ठेवला नाही. इटलीत नाही, स्पेनमधे नाही, फ्रान्समधे नाही, पार रोमानियात नाही.

का टाकला? इथे स्वयंपाकघरात जावं लागतं.

अंजिराची युक्ती मूळ ग्रीकांची. ग्रीकमधे अंजीर म्हणजे सिकॉन आणि अंजिरावर पोसलेलं ते सिकोतोन, त्याचं लॅटिनमधे सरळ भाषांतर झालं फिकातुम. दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य गॅलन आहारावर लिहिताना हे सिकोतोन नावाचं यकृत आवर्जून सांगतो, सुकी अंजिरं खाल्लेल्या डुकराचं, बाकी यकृतांपेक्षा हे चांगलं म्हणून. आणि आजच्या ग्रीकमधे यकृताला काय म्हणतात? सिकोती! म्हणजे तिथेही हेच घडलं, हेपार वैद्यांकडे गेला आणि बाजारात अंजीर जिंकलं. दोन भाषांनी एकच वळण घेतलं, मला हे फार विलक्षण वाटतं.

रोममधला हा शौक केवढा होता त्याचे पुरावे भरपूर आहेत. होरास कवीने इ.स.पू. 30 च्या आसपास लिहिलेल्या एका उपहासकवितेत एका नवश्रीमंत माणसाकडच्या जेवणाचं वर्णन आहे, त्यात एक पदार्थ येतो, रसरशीत अंजिरांवर पोसलेल्या पांढऱ्या हंसिणीचं यकृत. (इथे हंस म्हणजे पाळीव, बदकाच्या जातीतला, आपला मानसरोवरातला नव्हे.) होरास तिथे येकुर हाच शब्द वापरतो, कारण तो कवी आहे, छापील भाषा लिहितोय, छपाई नव्हती तरी म्हणायचा अर्थ कळला असेल.

मग येतो थोरला प्लिनी, तोच जो इ.स. 79 मधे व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला तेव्हा गेला. त्याच्या निसर्गाच्या भल्यामोठ्या कोशात आठव्या खंडात तो सांगतो की हंसांसारखीच युक्ती डुकरिणीवर करायची कल्पना आपिकियुस नावाच्या माणसाची. डुकरिणीला सुकी अंजिरं खाऊ घालून तट्ट फुगवायचं आणि मग एकदम मध घातलेली वाइन पाजायची, ती पिऊन जनावर जागच्या जागी मरायचं. वाचताना अंगावर काटा येतो. पण बघा, एका वाक्यात सगळं आहे, अंजीर, यकृत, वाइन आणि श्रीमंत लोकांची हौस. हंसाच्या यकृताचा शोध कुणी लावला यावर तर रोममधे चक्क वाद होता, प्लिनी दोन नावं देतो, एक कॉन्सल (रोमचं सर्वोच्च सरकारी पद) होऊन गेलेला स्किपिओ मेटेलुस आणि दुसरा मार्कुस सेयुस नावाचा सरदार, आणि प्रश्न तसाच सोडून देतो. एवढ्या मोठ्या लोकांना ह्याचं श्रेय हवं होतं म्हणजे विचार करा.

आपिकियुसबद्दल रोमन तत्त्वज्ञ सेनेका लिहितो की त्याने स्वयंपाकघरावर 10 कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) उडवले, मग एक दिवस हिशोब केला तर 1 कोटीच उरले होते, आणि एवढ्यात आता उपाशी मरावं लागणार असं वाटून त्याने विष घेतलं. ह्याच्याच नावावर खपणारं पाककृतींचं एक पुस्तक आपल्यापर्यंत आलंय, ते संकलित झालं बरंच नंतर, चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमाराला, आणि त्यात यकृताच्या पाककृतींवर मथळा आहे फिकातुम. पुस्तक आचाऱ्यांचं आहे, त्यामुळे भाषा कवीची नाही, चुलीपुढची आहे. माझ्या मते ह्या शब्दाच्या गोष्टीत हा मथळा सगळ्यात मोलाचा, कारण इथे येकुरचा आधार न घेता फिकातुम एकटं उभं आहे.

आता शब्द का बदलला याचं एकच एक कारण कुणी देऊ शकत नाही, पण दोन गोष्टी मला पटतात. एक म्हणजे येकुर हा बोलायला कटकटीचा शब्द होता, मगाशी सांगितलं तसं येकुर, येकोरिस, येकिनोरिस, कधी योकुर, कुठलं रूप कधी वापरायचं हे शाळेत शिकलेल्या माणसालाही आठवावं लागणार, तर भाजीपाला आणि मांस विकणाऱ्या माणसाने का डोकं शिणवावं? फिकातुम मात्र सरळ सोपं, त्याची रूपं हजारो दुसऱ्या शब्दांसारखी चालणारी. दुसरी गोष्ट म्हणजे सामान्य माणसाचा यकृताशी संबंध येतो तो खाताना. माणसाच्या पोटातलं यकृत कुणी बघत नाही, ते वैद्य आणि पुरोहित बघणार. बाकी सगळ्यांसाठी यकृत म्हणजे खाटकाच्या टेबलावर पडलेली वस्तू, आणि तिथे जे नाव चालतं तेच घरी येतं.

आणि हे एकट्या यकृताचं झालेलं नाही. शरीराच्या अवयवांची नावं बघत गेलं की रोमान्स भाषांमधे स्वयंपाकघर पदोपदी भेटतं. लॅटिन तेस्ता म्हणजे मातीचं भांडं, खापर, त्याचं फ्रेंचमधे तेत आणि इटालियनमधे तेस्ता, म्हणजे डोकं! आधीचा कापुत हा शब्द रोमानियन आणि कॅटलानमधे काप म्हणून डोक्यासाठी टिकला पण फ्रेंचमधे त्याचा शेफ झाला, म्हणजे प्रमुख, आणि तोच शेफ आज जगभरच्या हॉटेलांच्या किचनमधे उभा आहे. पेर्ना म्हणजे डुकराच्या मांडीचं खारवलेलं मांस, कातो ह्या रोमन लेखकाच्या शेतीवरच्या पुस्तकात ते खारवायची रीत दिलीये, आणि त्याचं स्पॅनिश पिएर्ना, पोर्तुगीज पेर्ना, म्हणजे माणसाचा पाय. स्पातुला म्हणजे ढवळायची, सपाट करायची पट्टी, तिचा इटालियनमधे स्पाल्ला झाला, फ्रेंचमधे एपोल, म्हणजे खांदा (स्पॅनिश एस्पाल्दा तर अख्खी पाठच). ही नावं पहिल्यांदा कुणीतरी हसत हसतच दिली असणार, आपण डोक्याला मडकं म्हणतो त्या सुरात, आणि मग हसणं विसरलं आणि नाव उरलं. फिकातुम ह्यातच बसतं, पण त्यात थट्टा नाहीये, त्यात चव आहे.

ह्या सगळ्या गोष्टीत मला सगळ्यात जास्त भावतो तो एक ब्राँझचा तुकडा. इटलीच्या उत्तरेला पिआचेंझा नावाचं शहर आहे, त्याच्याजवळ 1877 मधे एका शेतात ब्राँझचं यकृत सापडलं. मेंढीच्या यकृताच्या आकाराचं, साधारण साडेबारा सेंटिमीटर लांब, तळहातावर मावेल असं, आणि त्याच्यावर खण पाडून एट्रुस्कन लिपीत देवांची नावं कोरलेली. एट्रुस्कन म्हणजे इटलीतले रोमनांचे प्राचीन शेजारी, त्यांचे पुरोहित बळी दिलेल्या जनावराचं यकृत बघून शकुन सांगायचे, कुठल्या भागावर डाग आहे, कुठे फुगवटा आहे, तो भाग कुठल्या देवाचा, त्यावरून काय होणार, आणि हे ब्राँझचं यकृत म्हणजे त्याचा नकाशा. रोमनांनी ही विद्या त्यांच्याकडून घेतली, असे पुरोहित लढाईआधी, मोठ्या निर्णयाआधी बोलावले जायचे. म्हणजे येकुर हा एकेकाळी असा भारदस्त शब्द, देवांशी बोलायची जागा. आणि आज ती वस्तू पिआचेंझाच्या म्युझियममधे ज्या नावाने ठेवलीये ते नाव काय, तर फेगातो दी पिआचेंझा. देवांच्या नकाशाला आचाऱ्याचा शब्द लागलाय. मला नाही वाटत ह्यापेक्षा पूर्ण विजय एखाद्या शब्दाला मिळू शकतो.

बरं, हा बदल कधी झाला असेल? साल कुणी सांगू शकत नाही पण एक अंदाज बांधता येतो, आणि तो बांधायची रीतच छान आहे. रोमानियन भाषा बाकीच्या रोमान्स जगापासून फार लवकर तुटली, रोमन सैन्य डाकिया प्रांत (आजच्या रोमानियातला) सोडून गेलं ते तिसऱ्या शतकात, सम्राट आउरेलियनच्या वेळी, आणि त्यानंतर त्या बाजूला स्लाव, हंगेरियन असे शेजारी आले. सार्डिनिया बेट पण तसंच आपल्यातच राहिलेलं. तरी दोन्हीकडे शब्द फिकातुमवरूनच, सार्डिनियात फीगादू, रोमानियात फिकात. म्हणजे हे सगळे वेगळे व्हायच्या आधीच फिकातुम लोकांच्या तोंडी रुळलेलं असणार. पुस्तकात येकुर आणि बाजारात फिकातुम, असं काही शतकं शेजारी शेजारी चाललं असणार.

आता जरा आवाजांकडे येतो, हा भाग थोडा किचकट आहे पण सोडवत नाही.

सरळ हिशोबाने फिकातुममधे जोर का वर पाहिजे, फि-का-तुम. रोमानियन फिकात तसाच आहे, जोर शेवटी, का वरच. व्हेनिसच्या बोलीतही फिगा, जोर शेवटी, कांदा घालून केलेलं यकृत ही तिथली प्रसिद्ध डिश आहे. पण ईगादो, फीगादु, फेगातो ह्यांत जोर पहिल्या अक्षरावर आहे! म्हणजे कुठेतरी जोर सरकला. आणि इटालियनमधे अजून एक घोळ, अंजीर म्हणजे फीको, मग यकृत फेगातो का, फीगातो का नाही? दीर्घ ई चा ए होत नाही, ऱ्हस्व इ चा होतो, म्हणजे फेगातोच्या मागे ऱ्हस्व स्वर असणार जो फीकुसमधे नव्हता. ह्यावर पंडितांनी खूप डोकं लावलंय, फ्रान्सचा मोठा भाषापंडित गास्तों पारीसने 1901 मधे ह्या एकट्या शब्दावर लेख लिहिला. बहुतेकांना पटणारं स्पष्टीकरण असं की ग्रीक सिकोतोन लोकांच्या कानावर होताच, लॅटिन बोलणारे तो आपल्या पद्धतीने पहिल्या अक्षरावर जोर देऊन म्हणायचे, आणि दोन्ही शब्दांची भेसळ झाली. म्हणजे भाषांतर केलं तरी मूळ शब्द पूर्ण गेला नाही, त्याची लय मागे राहिली. कॅटलान आणि ऑक्सितानमधलं (दक्षिण फ्रान्समधली भाषा) फेज्ज तर अजून वाकडं, तिथे क आणि त ने जागा बदलल्या असं मानतात.

स्पॅनिशचा ईगादो लिहिताना सुरुवातीला ह चं अक्षर असतं, उच्चार नसतो. जुन्या स्पॅनिशमधे तिथे फ होता, मग त्याचा ह झाला, मग तोही विरला. हे एकट्या यकृताचं नाही, लॅटिन फिलियुसचं इखो झालं (मुलगा), फारिनाचं आरिना (पीठ), फोर्मिकाचं ओर्मिगा (मुंगी), फाबुलारीचं आब्लार (बोलणं), आणि फीकुसचं ईगो, अंजीर. शेजारच्या पोर्तुगीजने फ नीट जपून ठेवला. फीगु अंजीर, फीगादु यकृत.

फ्रेंचची मजा वेगळी. फ्रेंचमधे मधला क पण गेला, त पण गेला, उरलं फेइअ, मग फोइअ, मग फ्वे, आणि शेवटी फ्वा. हा वे चा वा व्हायचा शेवटचा टप्पा फार जुना नाही, वे हा राजदरबारचा उच्चार होता आणि पॅरिसच्या सामान्य लोकांचा वा, 1789 च्या क्रांतीनंतर सामान्यांचा जिंकला. ह्या घसरणीत फ्वाला तीन जुळे मिळाले. फ्वा म्हणजे यकृत, फ्वा म्हणजे श्रद्धा (लॅटिन फिदेसवरून), फ्वा म्हणजे वेळ, खेप (विकेसवरून), आणि पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी एक गाव आहे त्याचंही नाव फ्वा. चौघांचं स्पेलिंग वेगळं, उच्चार एकच. त्यावर फ्रेंच मुलांना एक बडबडगीत पाठ असतं, इल एते त्युन फ्वा, दां ला व्हिल द फ्वा, युन मार्शांद द फ्वा, म्हणजे एके वेळी फ्वा गावात एक यकृत विकणारी बाई होती, ती म्हणाली, मा फ्वा, आईशप्पथ म्हणा ना, ही पहिलीच वेळ आणि शेवटचीच वेळ मी फ्वा गावात यकृत विकायची! फ्रेंचमधे म्हणताना तोंडात नुसतं फ्वा फ्वा फ्वा होतं. त्यात यकृत हा शब्द पुल्लिंगी असून शेवटी ए चं अक्षर लावतो आणि श्रद्धा स्त्रीलिंगी असून लावत नाही, बाकी भाषेच्या सवयीच्या बरोब्बर उलटं, त्यामुळे शुद्धलेखनात मुलं हमखास अडकतात.

आता अर्थ. यकृत हे भावनांचं घर आहे ही समजूत फार जुनी. होरासच एका प्रेमकवितेत म्हणतो की तू दुसऱ्याचं कौतुक करतेस तेव्हा माझं यकृत पित्ताने उसळतं, फुगतं. तोच कवी, तोच येकुर शब्द, एका कवितेत हंसिणीचं ताटातलं आणि दुसरीत मत्सराने जळणारं स्वतःचं. शब्द बदलल्यावर ही समजूत फिकातुमकडे वारसाहक्काने आली, आणि प्रत्येक भाषेने आपापल्या स्वभावाप्रमाणे वापरली.

इटालियनमधे फेगातो असणं म्हणजे हिंमत असणं. चि व्हुओले फेगातो, त्याला फेगातो लागतो, म्हणजे येड्यागबाळ्याचं काम नाही. आपल्याला हे समजवायला नको, आपल्याकडे कलेजी म्हणजे यकृत आणि वाघाचं काळीज म्हणजे धाडस, दोन्ही शब्द एकाच घरातले. पण इटालियन माणूस रागाने किंवा जळफळाटाने आतल्या आत धुमसत असेल तर तो स्वतःचा फेगातो कुरतडतो, रोदेर्सी इल फेगातो. किती अचूक आहे हे! बाहेर कुणाला इजा नाही, आत मात्र रोज थोडं थोडं संपत जाणं.

फ्रेंचमधे नेमकं उलट. आव्ह्वार ले फ्वा, शब्दशः यकृतं असणं, म्हणजे टरकणं. कारण पूर्ण वाक्प्रचार होता पांढरी यकृतं असणं, भित्र्या माणसाच्या यकृतात रक्त नसतं अशी समजूत, आणि मग पांढरी हा शब्द गळून पडला. परत तेच! मुळात विशेषण उरलं आणि नाम गेलं म्हणून हा शब्द जन्मला, आणि फ्रेंचमधे नाम उरलं, विशेषण गेलं आणि अर्थ उलटा झाला. आणि फ्रेंचांचा तो सुप्रसिद्ध क्रीझ द फ्वा, यकृताचा झटका, म्हणजे बहुतेक वेळा जड जेवण आणि चॉकलेटनंतरचं साधं अपचन, परक्या डॉक्टरांना हा आजार सापडत नाही.

स्पॅनिशमधे एचार लोस ईगादोस, यकृतं बाहेर टाकणं, म्हणजे जिवाच्या आकांताने राबणं. मेक्सिकोमधे एखादा माणूस अजिबात सहन होत नसेल तर तो माझ्या यकृतावर येतो असं म्हणतात, आपल्या डोक्यात जातो तसं. पोर्तुगीजमधे वाईट यकृतांचा माणूस म्हणजे दुष्ट, खुनशी, आणि पोट धरून हसायला लावणाऱ्या गोष्टीला म्हणतात की ती यकृत मोकळं करते, तुंबलेलं पित्त वाहून जावं तशी. मला ह्या सगळ्यात हा पोर्तुगीज वाक्प्रचार सगळ्यात जास्त आवडतो.

अंजिराचं पुढे काय झालं? ते ताटातून गेलं. फ्रान्समधे फ्वा ग्रा, म्हणजे चरबीदार यकृत, अजून खूप मानाचं आहे, 2006 मधे तर त्यांनी कायद्यातच लिहून टाकलं की हा देशाचा संरक्षित सांस्कृतिक वारसा आहे. पण आता बदकांना आणि हंसांना नळीने भरवतात तो मका, जो रोमनांनी कधी बघितलाही नव्हता, कारण तो अमेरिका खंडातून आला. (जबरदस्तीने भरवणं हे क्रूर आहे असं माझं स्पष्ट मत आहे, आणि बऱ्याच देशांत ते बंदही केलंय.) म्हणजे फ्वा ग्रामधे आता अंजीर उरलंय ते फक्त नावात, आणि नावातही असं झिजून की फ्रेंच माणसाला फीग म्हणजे अंजीर आणि फ्वा ह्यांच्यात काही नातं आहे असं स्वप्नातही येणार नाही. ईगो आणि ईगादो, फीगु आणि फीगादु रोज बोलणाऱ्यांना तरी कुठे जाणवतं, इतके जवळ असून.

आणि रोमानियनमधे तर कमालच झालीये. तिथे फिकातुमचा आवाज सगळ्यात नीट टिकला, क चा ग नाही झाला, जोर सरकला नाही, फक्त शेवटचं उम गेलं. पण अंजिराचा लॅटिन शब्द तिथे राहिलाच नाही, अंजिराला आता स्मोकीन म्हणतात, तो स्लाव शेजाऱ्यांकडून घेतलेला.